मैत्रिणीनं नवा करार दिला, तेव्हापासून मी तिच्याकडे गेलेच नाही

पत्र:

ताई, आम्ही वडगाव शेरीला राहतो. समोरच्या दारातली माझी मैत्रीण ख्रिस्ती आहे. तिची मुलगी आणि माझा मुलगा एकाच रिक्षातून शाळेत जायचे. आमच्या घराची एक किल्ली कायम तिच्याकडे असते, तिची माझ्याकडे. मागच्या पावसाळ्यात माझ्या मिस्टरांना अटॅक आला, अँजिओप्लास्टी करावी लागली. त्या दिवसांत माझं घर तिनं सांभाळलं. मुलाचा डबा केला, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर दिल्या, रात्री आयसीयूबाहेर माझ्याशेजारी बसली. तिथं तिनं विचारलं, 'प्रार्थना केली तर चालेल ना?' मी हो म्हटलं. दिवाळीनंतर, हे रोज सकाळी चालायला जायला लागले तेव्हा, ती एक छोटा नवा करार घेऊन आली. म्हणाली, 'मला जे मिळालंय ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. वाटलं तर वाच.' योहानाच्या शुभवर्तमानापाशी खूण घातलेली होती. येत्या ईस्टरला चर्चला येशील का, असंही विचारलं. मी पुस्तक घेतलं, पण ती मनातून उतरली. मिस्टर म्हणाले, 'बघ, शेवटी हेच होतं.' तेव्हापासून मी तिच्याकडे जायचं टाळते आहे. आम्ही तिला दरवर्षी गणपतीला बोलावतो, पण हिंदू हो असं कधी म्हणत नाही. मग यांनाच हे दुसऱ्याला सांगायची गरज का वाटते? आणि तिनं जे केलं ते माझ्यासाठी केलं की यासाठी?

एक वाचक, पुणे

उत्तर:

प्रिय ताई,

मी स्वतः ख्रिस्ती आहे. हे आधीच सांगते, म्हणजे माझं उत्तर कुठून येतंय ते तुम्हाला कळेल. तुमच्या मैत्रिणीला मी ओळखत नाही. तिच्या मनात शिरून काही सांगणं मला शक्य नाही. पण तुमच्या पत्रात एक तपशील तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. आयसीयूबाहेर, तुम्ही सगळ्यात हतबल होता तेव्हा, तिनं फक्त परवानगी मागून प्रार्थना केली. पुस्तक आणलं ते दिवाळीनंतर, मिस्टर पुन्हा हिंडू-फिरू लागल्यावर. जिला तुमच्या अडचणीचा फायदा उठवायचा असता, तिनं नेमका उलटा क्रम धरला असता. त्या रात्री तुम्ही कशालाही हो म्हणाला असता, आणि हे तिलाही कळत होतं. तुम्ही पुन्हा पायावर उभ्या राहेपर्यंत, 'नाही' म्हणायचं बळ तुमच्यात परत येईपर्यंत ती थांबली.

आणि त्याआधीची इतकी वर्षं? मुलं एका रिक्षातून जात होती तेव्हापासून आजवर तिनं तुम्हाला एकदाही काही सांगितलं नसावं, नाहीतर तुम्ही ते लिहिलं असतं. यात मला नवल वाटत नाही. पुण्यातले बहुतेक मराठी ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेबद्दल बाहेर चकार शब्द काढत नाहीत. नाताळला केक आणि करंज्या वाटतात, तेवढंच. 'बाटवायला आले' हे ऐकून घेण्याची भीती असते, चांगली ओळख तुटण्याची भीती असते. ते छोटं पुस्तक हातात घेऊन तुमची बेल वाजवताना तिला किती धीर करावा लागला असेल, याची मला कल्पना आहे.

आता मूळ प्रश्न. आम्हाला सांगावंसं का वाटतं?

सोपं उत्तर असं की, तशी आज्ञा आहे. पुनरुत्थानानंतर येशूनं शिष्यांना सांगितलं की सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या चरित्राच्या, अगदी शेवटी ते आहे. पण खरं सांगू? नुसत्या आज्ञेपोटी सांगणारा माणूस समोरच्याला लगेच ओळखू येतो. त्याचं बोलणं पाठ केलेलं वाटतं आणि त्याचं लक्ष तुमच्याकडे नसतंच. तुमच्या मैत्रिणीचं वाक्य वेगळं होतं: राहवत नाही. हेच शब्द थोड्या फरकानं येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांच्या तोंडी आहेत. यरुशलेमच्या न्यायसभेनं त्यांना येशूच्या नावानं बोलायला बंदी घातली, तेव्हा ते म्हणाले की जे आम्ही पाहिलं आणि ऐकलं ते बोलल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, एक गोष्ट आहे. मला ती फार जवळची वाटते. इस्राएलच्या राजधानीला, शोमरोन शहराला, अरामी सैन्यानं वेढा घातलेला. आत इतका भयंकर दुष्काळ की गाढवाचं डोकंसुद्धा रुप्याच्या भावानं विकलं जातंय. वेशीच्या बाहेर चार महारोगी बसलेले. त्यांना शहरात थारा नाही. ते आपसात म्हणतात, इथं बसलो तरी मरणार, आत गेलो तरी मरणार, मग शत्रूच्या छावणीतच जाऊन बघू. जातात, तर छावणी ओस पडलेली. सैन्य रातोरात पळालेलं, घोडे-गाढवं बांधलेलीच, तंबूंत अन्न तसंच. चौघं एका तंबूत शिरून पोटभर जेवतात. सोनं-रुपं उचलून लपवून ठेवतात. दुसऱ्या तंबूत शिरतात, तिथलंही लपवतात. आणि मग थबकतात. एकमेकांना म्हणतात, हे आपण बरं करत नाही. आजचा दिवस चांगल्या बातमीचा आहे आणि आपण गप्प बसलोय.

रात्रीच वेशीवर जाऊन ते द्वारपाळांना हाक मारतात. ज्या शहरानं त्यांना बाहेर टाकलं होतं, त्याच शहराला. ती गोष्ट वाचते तेव्हा मला आमच्या श्रद्धेचं अवघं कारण त्यात दिसतं. त्या चौघांनी ते अन्न कमावलेलं नव्हतं. त्यांना ते आयतं सापडलं होतं. म्हणूनच ते लपवून ठेवणं त्यांच्या जिवाला लागलं. ख्रिस्ती माणूस स्वतःबद्दल हेच मानतो. आपण इतरांपेक्षा चांगले म्हणून देव भेटला असं आम्ही मानत नाही, मानू नये. पापांची क्षमा, मरणापलीकडची आशा, हे आम्हाला फुकट मिळालंय असा आमचा विश्वास आहे. फुकट मिळालेलं एकट्यानं खात बसायचं आणि समोरच्या दारातल्या जिवाभावाच्या माणसाला कळूही द्यायचं नाही, हे मनाला टोचतं.

याच गोष्टीत पुढे राजाला ही बातमी खरी वाटत नाही. तो म्हणतो, हा शत्रूचा डाव आहे, आपण बाहेर पडलो की ते आपल्याला धरतील. मग तो थोडे घोडे आणि माणसं पाठवून खात्री करून घेतो. त्या संशयाबद्दल पुस्तक राजाला दोष देत नाही. तुमच्या मिस्टरांनाही मी देणार नाही.

पुण्याला तर या संशयाचा मोठा इतिहास आहे. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आला, आणि त्या चहावरून रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचं प्रकरण आलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी आपलं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आणलं. रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवा मुलींसाठी होतं, आणि तिथं धर्माचं शिक्षण दिलं जाणार नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि खोलीचं दार लावून घ्यायच्या नाहीत. काही मुली आपणहून तिथं जाऊन बसायला लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंबद्दल मला नितांत आदर आहे. दार लावून घ्यायला त्यांनी दिलेला नकार मला पटतो. आपल्या खोलीत आपल्या देवाची प्रार्थना करायची नाही, असं कुणी कुणाला सांगू शकत नाही. पण रानडे-भांडारकरांची शंकाही पोकळ नव्हती. जिचं छप्पर, ताट आणि पाटी-पुस्तक तुमच्या हातात आहे, ती मुलगी तुमच्या खोलीत येते तेव्हा ती कितपत मोकळ्या मनानं येते, हे बाहेरच्याला कसं कळणार? देणारा कितीही निर्मळ असला तरी घेणाऱ्यावर ओझं येतंच. म्हणून मला वाटतं, ज्याच्या हातात समोरच्याची गरज आहे त्यानं श्रद्धेबद्दल बोलताना दुप्पट सांभाळावं. डॉक्टरनं, मालकानं, शिक्षकानं, मदत करणाऱ्या शेजारणीनंसुद्धा. तुमच्या मैत्रिणीनं सांभाळलं असं मला दिसतं. सगळेच सांभाळत नाहीत. 'बाप्तिस्मा घे, म्हणजे आजार जाईल' असं आजाऱ्याच्या उशाशी सांगणारे आहेत. दुसऱ्याच्या देवांना नावं ठेवल्याशिवाय ज्यांना येशूबद्दल बोलता येत नाही, असेही आहेत. हे मला ख्रिस्ती म्हणून लाज आणणारं वाटतं. एक माणूस आपल्या धर्मात आणण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्यांना येशूनं किती कडक शब्दांत झापलं आहे, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात वाचायला मिळतं.

येशूची स्वतःची रीत पाहा. एक श्रीमंत तरुण त्याच्याकडे येतो, बोलणं होतं, पण येशूची अट त्याला झेपत नाही आणि तो खिन्न होऊन निघून जातो. येशूचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं, असं मार्क आपल्या शुभवर्तमानात मुद्दाम लिहितो. तरी येशू त्याच्या मागे धावत नाही, अट सैल करत नाही. शोमरोनी लोकांच्या एका गावानं येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा शिष्य म्हणाले, आकाशातून अग्नी पाडू का? त्यानं शिष्यांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. सांगायचं, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या उत्तरासकट मोकळं सोडायचं.

कवी नारायण वामन टिळकांची हकिकत तुम्ही शाळेत वाचली असेल. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक अनोळखी युरोपियन माणूस भेटला. दोघांचं कवितेवर, धर्मावर बोलणं झालं, त्यानं टिळकांना नवा करार दिला, वाचा म्हणाला, आणि उतरून गेला. पुढची दोन वर्षं टिळकांनी वाचलं, विचार केला, वाद घातला, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय टिळकांचा होता, पण त्याचे चटके त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बसले. काही वर्षं दोघं वेगळी राहिली, घरच्यांचे हाल झाले. लक्ष्मीबाई नंतर ख्रिस्ती झाल्या त्या स्वतः विचार करून, सावकाश. ही बाजूही मी तुमच्यापासून लपवत नाही.

तुम्ही लिहिता, आम्ही तिला गणपतीला बोलावतो पण हिंदू हो म्हणत नाही. खरं आहे. तरी आपल्याकडे सांगण्याची रीत अगदीच नाही असं नाही. पालखी पुण्यातून जाते तेव्हा माळकरी माणूस शेजाऱ्याला म्हणतोच, एकदा वारीला चल, माळ घाल, दारू सोड. त्याला काही लाभलेलं असतं म्हणून तो म्हणतो, आणि त्याचा आपल्याला राग येत नाही. मात्र इथं एक फरक आहे. वारीला चल म्हणणारा घरचे देव सोड म्हणत नाही. येशूच्या मागे जाणं म्हणजे त्याला एकट्यालाच प्रभू मानणं, आणि त्यात बरंच काही मागे सुटतं. तुमची मैत्रीण उद्या तुम्हाला 'तसं काही नसतं गं' म्हणाली, तर ते पुरतं खरं नसेल. निमंत्रण मोठं आहे. तुम्हाला ते जड वाटलं, म्हणजे तुम्ही त्याचा अर्थ बरोबर ओळखलात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे कुणी जन्मानं ख्रिस्ती होत नाही. माझे आई-वडील ख्रिस्ती, आजी-आजोबा ख्रिस्ती, तरी मोठेपणी मला मंडळीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडानं कबुली द्यावी लागली. प्रत्येकाला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं आणि मग त्याचं त्यानं ठरवलेलं असतं. त्यामुळे सांगणं आमच्या श्रद्धेला बाहेरून जोडलेलं नाही, ती चालतेच तशी. आणि मनापासून न धरलेल्या विश्वासाला आमच्या लेखी काही किंमत नसल्यामुळे, दडपणानं मिळवलेला होकार आमच्याही उपयोगाचा नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण मिस्टर विचारतील. राज्यघटनेच्या कलम २५ नं धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्यही दिलेलं आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. मैत्रिणीला पुस्तक देऊन 'वाटलं तर वाच' म्हणणं यात गैर काही नाही.

आता तिनं जे केलं ते तुमच्यासाठी की यासाठी? मला वाटतं, या दोन गोष्टी तिच्या मनात वेगळ्या नसतील. तुम्ही तिच्या म्हणून तिनं सासूबाईंच्या गोळ्या सांभाळल्या, आणि तुम्ही तिच्या म्हणूनच तिला जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते तुमच्यापर्यंत आणलं. पण माझ्या वाटण्यावर विसंबू नका. याची परीक्षा तुम्हाला घेता येईल. तिला स्पष्ट उत्तर द्या आणि मग बघा, तिच्या वागण्यात काय फरक पडतो. 'नाही' ऐकल्यावरही ती सासूबाईंची चौकशी करत राहिली, किल्ली तिच्याकडेच राहिली, तर मिस्टरांनाही उत्तर मिळेल. आणि ती तुटक झाली, येणं-जाणं थांबलं, तर त्यांची शंका खरी होती असं समजा. तसं झालं तर वाईट मलाही वाटेल.

आत्ता मात्र तुटक तुम्ही झाला आहात, आणि त्याचं कारण तिला माहीत नाही. तेव्हा जा तिच्याकडे. मिस्टरांना बरोबर न्या, किंवा तिला चहाला बोलवा आणि त्यांनाही बसवा, कारण संशय त्यांनी बोलून दाखवला आहे. मनातलं जसंच्या तसं सांगा: 'तू पुस्तक दिलंस तेव्हा मला वाटलं, सगळं यासाठीच होतं का.' तिला उत्तर देऊ द्या. मधे तोडू नका. पेत्राच्या पत्रात आम्हाला शिकवण आहे की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. तिला ते जमतं का, हेही तुम्हाला कळेल.

तुमच्या हद्दीही तेव्हाच सांगून टाका. मुलाला कुठल्याही कार्यक्रमाला नेण्याआधी आम्हाला विचार. सासूबाईंशी या विषयावर बोलू नकोस. जे असेल ते सांगा, ती वाईट वाटून घेणार नाही. ती गणपतीला येते तेव्हा काही ख्रिस्ती लोकांसारखी प्रसाद घेत नसेल, तर तिलाही आपली हद्द सांभाळताना अवघड जातच असणार. तुम्ही इतकी वर्षं तिला समजून घेतलंत, तीही घेईल.

पुस्तकाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. वाचलंत तर मला आनंद होईल, हे मी कशाला लपवू? योहानापाशी खूण आहे, तिथंच पहिल्या अध्यायात नथनेल म्हणून एक माणूस भेटतो. येशूबद्दल सांगितल्यावर तो सरळ विचारतो, नासरेथमधून काही चांगलं निघू शकतं का? त्याला सांगणारा फिलिप वाद घालत नाही. म्हणतो, येऊन पाहा. वाचायचं नसेल तर मानानं परत करा. रद्दीत घालू नका आणि कपाटात मागे दडपूनही ठेवू नका. तिला ते परत घेताना वाईट वाटेल, पण उत्तर मिळेल.

राहिलं ईस्टरचं. जावंसं वाटलं तर पाहुणी म्हणून जा. पुण्यातल्या मराठी चर्चमधून पेटी-तबल्यावर भजनं होतात, टिळकांची गीतं म्हणतात, उपदेश मराठीतच असतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी लोक उठून पुढे जातात, तेव्हा जागेवर बसून राहिलं तरी चालतं. त्यानं कुणाचा अपमान होत नाही. नंतर कुणी भेटून ओळख करून घेईल, तेव्हा 'मी हिची शेजारीण' एवढं सांगा. आणि जायचं नसेल तर 'येणार नाही' असंच सांगा. 'बघू', 'जमलं तर' असं म्हणत ठेवू नका, ती चर्चच्या दारात तुमची वाट बघत उभी राहील.